गावात फादर-पास्टर मंडळी येताहेत, हिंदू धर्म समजावून सांगायचा तर सुरुवात कुठून करावी?

टाळकरी

राम कृष्ण हरी मंडळी. गाव चांदूर बाजार तालुक्यातलं. पुढच्या महिन्यात जवळच्या मिशनमधले दोन फादर, एक सिस्टर, सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, शिकणारे चार विद्यार्थी आणि दोन पास्टर असे नऊ जण गावात येणार आहेत. त्यांचा निरोप असा, की हिंदू धर्म पुस्तकातून वाचलाय, आता जे पाळतात त्यांच्या तोंडून ऐकायचाय. भजनी मंडळानं होकार दिला आहे. जागा विठ्ठल मंदिराचा सभामंडप, वेळ दुपारी ३ ते ५.

मंडळात दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, "सगळे धर्म सारखेच" एवढं सांगायचं, चहापाणी करायचं, संपलं. काहींना अमरावतीहून एखादे पंडित आणून वेदांवर दोन तासांचं व्याख्यान ठेवायचं आहे. दोन्ही मनाला पटत नाही. विचारायचं ते असं: बोलायला कोण असावं, तेहतीस कोटी देव आणि मूर्तिपूजा यावर नेमकं काय सांगावं, प्रसाद द्यावा का, आणि जातीचा किंवा धर्मांतराचा विषय निघाला तर काय करावं? ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहा.

ओवीकार

दोन्ही टाळा. "सगळे धर्म सारखेच" म्हटलं की बोलायला काही उरतच नाही. पाहुणे फरकच समजून घ्यायला येताहेत. आणि वेदांतावरची व्याख्यानं फादर मंडळींनी सेमिनरीत ऐकलेली असतात, भारतीय दर्शनं त्यांच्या अभ्यासात असतात. शंकराचार्य आणि रामानुज त्यांना ठाऊक असतात. मातामायपुढं (गावदेवीपुढं) नारळ का फोडतात, एकादशीला घरात काय शिजतं, तुळशीची माळ घातली की माणसाचं काय बदलतं, हे ठाऊक नसतं. ते सांगायला गावापेक्षा मोठा जाणकार नाही.

आधी पाहुणे ओळखा. फादर कॅथॉलिक. त्यांच्या चर्चनं २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' नावाचा जाहीरनामा काढला. त्यात हिंदू धर्माचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीच चर्च नाकारत नाही, असं म्हटलं आहे. म्हणजे आदरानं ऐकणं हे फादरचं कर्तव्यच आहे. पण तेच चर्च ख्रिस्त हा एकमेव तारणारा आहे हेही मानतं, आणि ते मत फादर सोडणार नाहीत. ही अपेक्षाच ठेवू नका, म्हणजे शेवटी कोणी नाराज होणार नाही. पास्टरांचं वेगळं. ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे असतील (हे चर्च १९७० साली नागपुरातच स्थापन झालं) तर संवादाची थोडीफार परंपरा त्यांच्याकडेही आहे. स्वतंत्र मंडळीचे (मोठ्या चर्चला न जोडलेल्या गटाचे) असतील तर कोणताही जाहीरनामा त्यांना बांधत नाही, त्यांच्यासाठी बायबल हेच प्रमाण. आमंत्रण देतानाच विचारून घ्या.

आता मुख्य अडचण. मराठी ख्रिस्ती मंडळी आपलेच शब्द वापरतात, अर्थ मात्र वेगळा असतो. इथंच सगळ्यात जास्त घोटाळा होतो, आणि तो लक्षातही येत नाही कारण दोघंही मराठीच बोलत असतात.

'देव' घ्या. आपण महादेवालाही देव म्हणतो, मारोतीलाही, आणि शेताच्या धुऱ्यावरच्या शेंदूर लावलेल्या दगडालाही. मराठी बायबलात 'देव' म्हणजे आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा एकच एक. आपण सहज म्हणतो, "आमचे देव पुष्कळ," आणि पाळकाच्या (फादर-पास्टरच्या) कानावर पडतं, "जगाचे निर्माते पुष्कळ." हे आपल्यापैकी कोणीच मानत नाही. म्हणून त्या दिवसापुरती शिस्त पाळा: रूपांसाठी कुलदैवत, ग्रामदैवत, इष्टदैवत हे शब्द, आणि एकासाठी परमेश्वर किंवा परब्रह्म.

'पाप' तसंच. आपल्याकडे पाप म्हणजे केलेलं कर्म, त्याचं फळ असतं आणि समोर पुण्य असतं. माणसाचं मूळ दुखणं अज्ञान. ख्रिस्ती मतात पाप ही जन्मापासूनची अवस्था, देवाशी तुटलेलं नातं. "आम्ही पाप मानत नाही" असं एखादा वेदान्ताच्या भरात बोलून जातो, आणि पाहुण्यांना वाटतं की यांना बऱ्यावाइटाची चाड नाही. उलट संतांनी स्वतःला पतित आणि विठ्ठलाला पतितपावन म्हटलं, हे सांगा. हा शब्द पाळकाला लगेच कळतो.

'मोक्ष' आणि 'तारण' एक नाहीत. मोक्ष जन्ममरणाच्या फेऱ्यातून, तारण पापातून. पण वारकऱ्यांनी मोक्षसुद्धा मागितला नाही, पुन्हा जन्म दे पण भक्ती दे असं म्हटलं. पाहुण्यांनी पुस्तकात 'हिंदूंचं ध्येय मोक्ष' असं पाठ केलेलं असतं, त्यामुळं इथं ते थबकतात, आणि खरा संवाद तिथून सुरू होतो. यावर पंधरा-वीस मिनिटं खुशाल घालवा.

'कृपा' हा सगळ्यात जवळचा शब्द. श्रीवैष्णवांत, म्हणजे रामानुजांच्या संप्रदायात, जुना वाद आहे: माकडीचं पिल्लू आईला स्वतः धरून ठेवतं, मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. भक्ताचा प्रयत्न किती आणि देवाची कृपा किती, याच प्रश्नावर ख्रिस्ती पंथही शतकानुशतकं भांडले आहेत. सेमिनरीच्या मुलांना हा दृष्टान्त नक्की सांगा.

पारावरचा

राजेहो, बोलणं मंग करा, पयले दाखवा. पोया (बैलपोळा) जवळ असन तं यापेक्षा चांगली येळ नाई. पोयाच्या आंधीच्या दिवशी खांदेमयनी असते, त्या संध्याकाळी त्याईले एखाद्या गोठ्यात न्या. वर्षभर ज्या खांद्यावर जू होतं तोच खांदा हयद अन् तुपानं चोयतेत, अन् बैलाले म्हंतेत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी पुरणाची पोयी पयले बैलाले, मंग घरच्याईले.

फादरनं इचारलं का बैल तुमचा देव हाये का, तं लंबं भाषण देऊ नका. ज्याच्या मेहनतीचा घास खाल्ला त्याले हात जोडून आवतन देणं, हे आपली पूजा. जमिनीले, औतालेबी आपन असंच हात जोडतो. येवढं कयलं का बाकीचं समजावणं सोपं जाते.

पोया नसन जवळ तं तुयशीपाशी संध्याकायचा दिवा लावते ते घरची बाई दाखवा. अन् बोलणाऱ्यात एक तरी बाई ठेवा. घरचा अर्धा-अधिक धरम त्याच चालवतेत. महालक्ष्म्या बसवतेत त्या, सोया (सोळा) भाज्या करतेत त्या, अन् सांगाले माणसं बसतेत.

पंचपाळ

पारावरचा यांनी आवतणाचं लिहिलं तोच धागा मूर्तीपर्यंत नेता येतो. मूर्तिपूजेवर तोंडी वाद घालू नका, घरातल्या गणपतीची पूजा पायरीपायरीनं दाखवा, वीस मिनिटं लागतात.

बाजारात टोपल्यात ठेवलेला गणपती ही माती असते, भाव करून घेतो. घरी आणून चौरंगावर ठेवतो, प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणतो. त्यानंतर ती माती राहत नाही, घरी आलेला पाहुणा होतो. मग सोळा उपचार: आवाहन, आसन, पाय धुवायला पाणी, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, जानवं, गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. एकेक उपचार म्हणताना हातातली वस्तू दाखवा. पाव्हणा दारात आल्यावर आपण जे करतो तेच हे, त्याच क्रमानं, हे पाहणाऱ्याला आपोआप कळतं. शेवटी उत्तरपूजा. अक्षता टाकून म्हणतात, "यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम्। इष्टकामप्रसिद्ध्यर्थं पुनरागमनाय च॥" मातीच्या मूर्तीतून केलेली ही पूजा स्वीकारून देवांनी जावं, पुन्हा येण्यासाठी. मूर्ती जागची किंचित हलवतात, आणि ती परत माती होते, पाण्यात जाते. माती म्हणजेच देव, असं मानणाऱ्यानं ती दहा दिवसांत बुडवली नसती. हे वाक्य आपण बोलायची गरज पडत नाही, विसर्जनाचा श्लोक नीट समजावला की पाहुणेच बोलतात.

इथं एक चूक फार होते. शिकलेला माणूस म्हणतो, "मूर्ती फक्त प्रतीक आहे." त्याच वेळी सभामंडपात एखादी आजी विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवून त्याच्याशी बोलत असते. पाहुण्यांना दोन्ही दिसतं आणि त्यांना वाटतं, यातलं एक खोटं आहे. दोन्ही खरं आहे असंच सांगा. ज्ञानी माणूस निर्गुणापर्यंत जातो, भक्ताला सगुणच हवं असतं, आणि ज्ञानेश्वरांपासून सगळ्या संतांनी दोन्ही एकाच तोंडानं गायलं. आजीच्या भक्तीची लाज वाटल्यासारखं बोलू नका. मंदिरातली मूर्ती ही स्थापना केलेली, कायमची. तिथं विसर्जन नाही. गणपतीचं उदाहरण तिला सरसकट लावू नका, कोणीतरी विचारेल. महानुभाव पंथीयांचं तर वेगळंच. त्यांचं तीर्थक्षेत्र रिद्धपूर जवळच आहे. ते एका परमेश्वराशिवाय इतर देवतांना भजत नाहीत. हेही हिंदू परंपरेतलंच, हे पाहुण्यांना सांगितलं तर 'हिंदू म्हणजे अमुकच' ही चौकट मोडते.

आणि "तुम्ही पण मरियमेची मूर्ती ठेवताच की!" हे उत्तर देऊ नका. कॅथॉलिक चर्चमध्ये ७८७ सालच्या निकेयाच्या परिषदेपासून प्रतिमेला मान देणं आणि देवाची आराधना करणं यात फरक केला जातो. फादर तो फरक समजावत बसतील, पास्टर बायबलातल्या दहा आज्ञांमधली दुसरी, मूर्ती करू नको ही, काढतील, आणि वाद त्या दोघांचाच लागेल. तुमचे दोन तास तिथंच संपतील.

तेहतीस कोटींचं. "कोटी म्हणजे प्रकार" हे उत्तर हल्ली सगळे देतात, पण गावात कोटी म्हणजे कोटीच समजतात, त्यामुळं ते ओढूनताणून वाटतं. बृहदारण्यक उपनिषदातला संवाद सांगा, तो सरळ आहे. शाकल्य विचारतो, देव किती? याज्ञवल्क्य म्हणतो, तीन हजार तीनशे सहा. बरं, पण खरे किती? तेहतीस. पुन्हा विचारतो, सहा. मग तीन, मग दोन, मग दीड, आणि शेवटी एक. तेहतिसांची फोडही तिथंच आहे: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. मोठ्या आकड्यापासून एकापर्यंतचा हा प्रवास दोघांनी प्रश्न-उत्तर करून सभेत म्हणून दाखवा. दोन मिनिटांत होतो आणि पाठ राहतो.

उपासना संगीत

मी ख्रिस्ती आहे, म्हणून पाहुण्यांच्या बाजूनं काय अडतं ते लिहितो.

प्रसाद. बायबलात करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ८व्या आणि १०व्या अध्यायात मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा विचार आहे. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, समोर ठेवलेलं खा, चौकशी करू नका. पण कोणी सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. आता गावात प्रेमानं काय होतं? द्रोण हातात देतानाच सांगतात, "घ्या, देवाचा प्रसाद आहे." म्हणजे ज्या शब्दांनी तुम्ही आदर करता, त्याच शब्दांनी पास्टरला नाही म्हणावं लागतं. मग यजमान दुखावतात, पाहुणा अवघडतो. फादर कदाचित घेतील, पास्टर बहुधा नाही, आणि सगळ्यांसमोर दोघांचं वागणं वेगळं दिसलं की त्यांचीही पंचाईत होते. म्हणून नैवेद्य दाखवण्याच्या आधी पाहुण्यांचं फराळपाणी वेगळं काढून ठेवा. पोहे, चिवडा, संत्री, काहीही. सुरुवातीलाच सांगा, "हे नैवेद्याचं नाही, निःशंक घ्या. प्रसाद गाभाऱ्यापाशी ठेवलाय, ज्याला हवा त्यानं घ्यावा." कोणी घेतला नाही तर त्याकडे लक्ष देऊ नका. फोडलेला नारळ प्रसादाच्याच बाजूला ठेवा.

गंध लावणं आणि ओवाळणं, दोन्हीसाठी आधी विचारा. हात जोडून नमस्कार आणि एक फूल पुरतं. शाल चालते. गाभाऱ्यात नेण्याचा आग्रह नको, उंबऱ्याबाहेरून पाहणंही पाहणंच असतं.

उलट भेटीत तुम्ही चर्चमध्ये याल तेव्हा प्रभुभोजनाच्या (पवित्र भाकरीचा तुकडा देण्याच्या विधीच्या) रांगेत उभं राहू नका, जागेवर बसून राहा. भाकरीचा तो तुकडा प्रसाद समजून पुष्कळ हिंदू मंडळी हात पुढं करतात, कोणी रुमालात बांधून देव्हाऱ्यासाठी घरी नेतात. हेतू भक्तीचाच असतो. पण कॅथॉलिक श्रद्धेत तो प्रत्यक्ष ख्रिस्त आहे, बाप्तिस्मा घेऊन तसा विश्वास कबूल करणाऱ्यालाच तो दिला जातो. फादरला सगळ्यांसमोर हात मागं घ्यावा लागतो.

सामुदायिक प्रार्थना ठेवायची असेल तर दुसऱ्याच्या देवाची प्रार्थना त्याच्या तोंडून म्हणवून घेऊ नका. १९८६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी असिसीला सगळ्या धर्मांच्या लोकांना बोलावलं, तेव्हाचं सूत्र होतं, 'प्रार्थनेसाठी एकत्र येणं', 'एकच प्रार्थना करणं' असं नव्हतं. दोन मिनिटं मौन ठेवा, किंवा आधी तुम्ही पसायदान म्हणा, ते ऐकतील. मग ते एक गीत म्हणतील, तुम्ही ऐका. मराठी चर्चच्या गीतपुस्तकात ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांची कितीतरी पदं अभंगाच्या चालीवर आहेत. टाळ-मृदंग तुमचाच वाजेल. यापेक्षा सोपी सुरुवात सापडायची नाही.

पण एक सांभाळा. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे वाक्य असल्या सभेत हमखास निघतं. आमच्या लोकांना त्यात तुकोबांचा मान दिसतो. वारकऱ्याला मात्र ते टोचू शकतं, कारण त्याच्यासाठी तुकोबा म्हणजे पलीकडे जाऊन सोडून द्यायचा पूल नाहीत. पाहुण्यांनी ते म्हटलं तर रागावू नका, टोचतं का ते शांतपणे सांगा. असं सांगितलेलं आमच्या मंडळींना आवडतं.

दिवस निवडताना रविवार नको, ईस्टरआधीचा आठवडा नको, नाताळच्या आधीचे आठ-दहा दिवस नकोत. मंगळवार-बुधवार बरा. तुमचा बाजाराचा दिवस सोडून.

फोटो हा सगळ्यात मोठा धोका. गंध लावलेल्या पास्टरचा फोटो ग्रुपवर गेला की त्याची मंडळी त्याला जाब विचारते. हातात बायबल घेतलेल्या गावकऱ्याचा फोटो गेला की गावात कुजबुज सुरू होते. एकच सामूहिक फोटो काढा आणि तो दोन्ही बाजूंना विचारूनच पुढं पाठवा.

सातपुडा

जात आणि धर्मांतर यावर कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. हे दोन विषय टाळाल तर पाहुणे बाहेर गेल्यावर आपापसांत त्यावरच बोलतील.

जातीवर "ती इंग्रजांनी आणली" किंवा "आता कुठं राहिलीय" ही उत्तरं देऊ नका. समोर बसलेल्या एखाद्या पास्टरचं घराणं दोन पिढ्यांपूर्वी गावकुसाबाहेर राहिलेलं असू शकतं. खरं उत्तर असं, की धर्मात अन्याय होता, आणि धर्मातूनच त्याविरुद्ध आवाजही उठला. दोन्ही एका दमात सांगा. चोखोबांचं जन्मगाव म्हणून बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा मानतात. त्यांना विठ्ठलाच्या देवळात जाऊ दिलं नाही आणि त्यांचीच समाधी महाद्वारापाशी आहे. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी १९२७ साली लढा उभा राहिला. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली सगळ्यांना खुलं केलं. पंढरपूरचं देऊळ उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. ही वर्षं सांगताना 'किती लवकर' असा सूर नको, 'किती उशीर' असाच हवा. तुकडोजी महाराज आणि गाडगेबाबा तर आपल्याच जिल्ह्यातले. त्यांनी कीर्तनात आणि भजनात जातीवर किती स्पष्ट बोललं, हे सांगायला गावातला कुठलाही म्हातारा पुरेल. "तुमच्याकडेही जाती आहेतच ना" हे खरं असलं तरी त्या दिवशी बोलू नका.

आणि बोलणारे कोण, हेच पाहुणे आधी पाहतात. तिघं बोलणार असतील आणि तिघंही एकाच जातीचे असतील, तर तोंडानं काहीही सांगा, उपयोग नाही.

गावातल्या बौद्ध बांधवांना हिंदूंत मोजून बोलू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेणं हे जाणूनबुजून घेतलेलं पाऊल होतं. ते यायला तयार असतील तर मानानं बोलवा, पण स्वतःच्या नावानं बोलायला. मेळघाटच्या कोरकूंच्या किंवा गोंडांच्या देवांबद्दलही तसंच. त्यांच्या वतीनं गावच्या भजनी मंडळानं उत्तर देऊ नये.

धर्मांतर. या भागात ही जखम जुनी आहे. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५४ साली त्या सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला न्यायमूर्ती नियोगींची समिती नेमली, १९५६ ला तिचा अहवाल आला. तेव्हापासून एका बाजूला संशय आहे आणि दुसऱ्या बाजूला भीती. घटनेच्या २५व्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचा हक्क आहे, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. या दोन्ही गोष्टी दोन्ही बाजूंना ठाऊक असाव्यात. सभेत यावर वाद घालण्यापेक्षा आमंत्रणाच्या वेळीच समोरासमोर बसून ठरवा: पत्रकं वाटायची नाहीत, आजाऱ्यांसाठी प्रार्थनेचा कार्यक्रम नाही, कुठल्याही मदतीचं आश्वासन नाही, आणि आपल्या बाजूनं घोषणा नाहीत, घरवापसीचं भाषण नाही. सरपंच आणि पोलीस पाटलांना अगोदर तोंडी कल्पना द्या. लपवून केल्यासारखं दिसलं की चांगल्या कामावरही शंका येते.

टाळकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. वेगळं फराळ आणि बोलणाऱ्यांत एक ताई, एवढं मंडळानं लगेच मान्य केलं. आता दोन गोष्टी. स्वागताच्या भाषणात एक ओळ आहे, "प्रभू येशूला आम्ही अवतारच मानतो." ठेवावी का? दुसरं, सिस्टर दवाखान्यात काम करतात. त्यांनी आधीच विचारून ठेवलंय, की तुमच्या मते आजार म्हणजे मागल्या जन्मीच्या कर्माची शिक्षा का? याला काय उत्तर द्यावं?

ओवीकार

ती ओळ काढा. प्रेमानंच लिहिली असेल, पण ऐकणाऱ्याला ती राम, कृष्ण यांच्या रांगेत आणखी एक अशी ऐकू येते. अवतार युगायुगांत होतात, गीतेत चौथ्या अध्यायात तसं स्पष्ट आहे. ख्रिस्ती मतात "शब्द देही झाला" ते एकदाच, पुन्हा होणार नाही, आणि सगळा धर्म त्या एकदाच होण्यावर उभा आहे. त्याऐवजी लिहा, "येशूबद्दल आमच्या मनात मोठा आदर आहे, आणि तुम्ही त्याला काय मानता ते तुमच्याच तोंडून ऐकायला आवडेल." 'एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति' हे वचनही असंच जपून वापरा. ऋग्वेदात ते इंद्र, मित्र, वरुण, अग्नी यांच्या संदर्भात आलंय. आपलं मत म्हणून सांगा. पाहुण्यांनाही तेच मान्य असलं पाहिजे, असा त्याचा अर्थ करू नका.

सिस्टरच्या प्रश्नाचं उत्तर नीट तयार करा, कारण हा प्रश्न रोज रुग्णांमध्ये वावरणारीचा आहे. कर्म तीन प्रकारचं सांगितलंय: साठलेलं ते संचित, त्यातलं भोगायला निघालेलं ते प्रारब्ध, आणि आज हातून होतंय ते क्रियमाण. प्रारब्ध हा ज्याचा त्यानं स्वतःच्या दुःखाशी लावायचा विचार आहे, धीर धरण्यासाठी. दुसऱ्याच्या आजाराकडे बोट दाखवून "तुझंच कर्म" म्हणणं हा त्याचा गैरवापर, आणि तो आपल्याकडे होतो, हेही मान्य करा. दुसऱ्याचं दुःख समोर आलं की आपलं क्रियमाण म्हणजे त्याची सेवा. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा बांधल्या, आजाऱ्यांची आणि अनाथांची सोय केली. कर्मसिद्धान्ताचं याहून चांगलं भाष्य सिस्टरला दुसरं मिळणार नाही. बाबांचं कीर्तन प्रश्न विचारत चालायचं, समोरच्यांकडून उत्तर काढून घेत. त्या दिवशी बोलणाऱ्यांनी तीच पद्धत धरावी, दर पाच मिनिटांनी पाहुण्यांना विचारावं, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

उपासना संगीत

एक राहिलं होतं. फादर मंडळी बऱ्याचदा केरळची, तमिळनाडूची किंवा झारखंडची असतात. बोलीतली मराठी त्यांना समजते, पण सातशे वर्षांपूर्वीची ओवी कानावरून जाते. जे अभंग आणि ओव्या म्हणणार आहात, त्या सहाच निवडा, मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहा, खाली साध्या मराठीत अर्थ, आणि आठवडाभर आधी पोचवा. ते वाचून प्रश्न लिहून आणतील.

भेट द्यायची असेल तर विनोबांचं 'ख्रिस्तधर्म-सार' द्या. पवनारला आश्रम असलेल्या माणसानं ख्रिस्ताची वचनं कशी निवडली, हे पाहायला पाळकांना फार आवडतं. सोबत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता.

पारावरचा

खुर्च्याचं पाहून घ्या. पाव्हन्याईले खुर्च्या अन् गावकरी खाली सतरंजीवर, असं झालं तं लोकं मोकयेपनानं बोलत नाईत. समदे खाली बसा. ज्याचे गुडघे दुखतेत त्याच्यासाठी चार खुर्च्या मांगं ठेवा, दोन पाव्हन्याईच्या अन् दोन आपल्या म्हाताऱ्याईच्या.